ओटा आणि भिंत

परक्या मुलुखात आपले माणूस भेटले की होणारा आनंद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण जेथे भाषाही तीच आहे, अशा देशात गेलेल्या माणसाला आपली माणसे शोधावीशी का वाटावीत? अमेरिकेत स्थायिक झालेल्या ब्रिटिशांकडे पाहिले की हा प्रश्न पडतो.

इंग्रज माणूस तेथे चटकन परका म्हणून ओळखू येत नाही. पण ‘पहिला मजला’ म्हटले की तो आपल्यासारखाच जिना चढू लागतो. अमेरिकन माणसाचा पहिला मजला मात्र जमिनीलगत असतो. त्याचा फुटबॉल तेथे ‘सॉकर’ होतो. बिस्किट मागावे, तर भलताच पदार्थ समोर येतो. गोष्टी तशा क्षुल्लक. परंतु दिवसभर स्वतःचे भाषांतर करीत राहण्याचा शीण क्षुल्लक नसतो. जेथे काहीच समजावून सांगावे लागत नाही, अशी घटकाभर बैठक माणसाला हवी असते.

हॉलिवूडमधील इंग्रज नटांनी ती क्रिकेटच्या मैदानावर शोधली. सी. ऑब्रे स्मिथ हे त्यांचे म्होरके. 1889 साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंडचे नेतृत्व केले होते. त्यांच्या वाट्याला आलेला तो एकच कसोटी सामना. पुढे ते नट झाले, अमेरिकेत गेले आणि 1932 साली त्यांनी हॉलिवूड क्रिकेट क्लब उभा केला. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस, डेव्हिड निव्हन, पडद्यावर राक्षस साकारणारे बोरिस कार्लॉफ अशी मंडळी तेथे जमत.

हे सारे नाटकी होते, असे कुणी म्हणेल. एव्हलिन वॉ या इंग्रज कादंबरीकाराने 1948 च्या ‘द लव्हड वन’ या कादंबरीत या मंडळींची यथेच्छ टिंगल केली आहे. त्यात तथ्यही आहे. करारी लॉर्ड आणि जुने लष्करी अधिकारी यांच्या भूमिका करणाऱ्या स्मिथ यांचे इंग्रजपण हे त्यांच्या उपजीविकेचे साधनही होते. तरीही त्या वर्तुळाचा एक गुण मला मोलाचा वाटतो. लंडनमध्ये जन्मलेल्या कार्लॉफ यांच्या पूर्वजांत भारतीय रक्त होते. एरल फ्लिन तर दूरच्या टास्मानियाचे. ‘आपला’ या शब्दाची व्याख्या तेथे पुष्कळ सैल झाली होती.

आता आपल्या मुंबईकडे वळू. येथल्या इंग्रजांनीही 1875 साली बॉम्बे जिमखाना काढला. येथेही तेच क्रिकेट, तीच मायदेशाची आठवण. भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी तेथे शतक झळकावले. पण त्या जिमखान्याचे सभासदत्व तेव्हा फक्त युरोपियनांनाच मिळत असे. शतक करणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, खुर्ची मिळाली नाही!

संख्येने इंग्रज दोन्हीकडे मूठभरच होते. मग फरक कोठे पडला? फरक सत्तेचा होता. हॉलिवूडमध्ये ते पाहुणे होते. त्यांचे एकत्र येणे म्हणजे थकल्या जिवाने ओट्यावर टेकणे. मुंबईत ते राज्यकर्ते होते. म्हणून त्याच एकत्र येण्याची भिंत झाली.

योगायोग असा की, हॉलिवूडचा क्लब निघाला त्याच 1932 साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. साम्राज्याच्या राजधानीत मूठभर मराठी माणसांनी घातलेला तो ओटाच होता. त्याला संकुचित म्हणण्याचे धाडस कोण करील?

म्हणून आपल्या-आपल्यांचे गट वाईट, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. आपल्याच वसतिगृहाचे पाहा ना. दूरच्या खेड्यातून आलेली दोन मुले कोपऱ्यात बसून आपल्या बोलीत बोलू लागली की आपण हसतो, त्यांना ‘कळपातले’ म्हणतो. पण खानावळीत, स्नेहसंमेलनात, वर्गातल्या पुढच्या बाकांवर ज्यांची भाषा ‘शुद्ध’ मानली जाते, त्यांच्या गटाला मात्र आपण गट म्हणतच नाही. तो आपल्याला स्वाभाविक वाटतो. खरी भिंत बहुधा तेथेच असते आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिच्या आतल्या बाजूला बसलेले असतो.

त्या दोन मुलांना हसण्यापूर्वी आपण एवढेच करावे : आपल्या घोळक्यात एक जागा रिकामी ठेवावी आणि त्यांच्या बोलीतला एखादा शब्द न हसता विचारून घ्यावा.

ओटा बांधायला फारसे काही लागत नाही. तो भिंतीआड जाऊ नये, याची काळजी मात्र रोज घ्यावी लागते.