बागेचें पान : कोरड्या जमिनींत ओकची बी

ओक हें आडनांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. परंतु त्या नांवाचा वृक्ष ज्यांच्या दाराशीं आहे अशीं मराठी घरें थोडींच. तथापि आज कित्येक कुटुंबांतील मुलगा-सून, पुतण्या अथवा भाची कॅलिफोर्नियांत बिऱ्हाड करून राहिलीं आहेत, आणि घरामागील टेकाडावर एखादा ओक आपल्या हातानें लावावा अशी इच्छा त्यांस होणें साहजिक आहे. यास्तव या महिन्याचें पान आम्ही त्यांच्यासाठीं ठेवीत आहों. येथील मंडळींनींही तें अवश्य वाचावें; कारण त्यांतील मर्म आपल्या कोरडवाहू जमिनीसही लागू पडतें.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्याभोंवतालच्या टेकड्यांवर ‘ब्लू ओक’ नांवाचा वृक्ष वाढतो. पानांवर निळसर झांक असते म्हणून हें नांव. त्याच्या शास्त्रीय नांवांत डेव्हिड डग्लस (१७९९–१८३४) या स्कॉटिश वनस्पतिशोधकाचें नांव गोंविलेलें आहे. कॅलिफोर्नियाबाहेर हा वृक्ष कोठेंही आपण होऊन उगवत नाहीं. दोनतीनशें वर्षें तो सहज जगतो. पण पुष्कळ ठिकाणीं जुने वृक्ष उभे असून त्यांच्याखालीं पोरसवदा झाड मात्र आढळत नाहीं. घरांत आजोबा आहेत, पण नातू नाहीं, अशी ही स्थिति आहे.

याचें एक मोठें कारण ओल हें होय. तेथें पाऊस थंडींत, साधारण ऑक्टोबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत, पडतो. उन्हाळा जवळजवळ कोरडाच जातो. युरोपांतून तेथें पसरलेलीं रानओटासारखीं वर्षायु गवतें पावसाबरोबर उगवतात आणि वरच्या थरांतील ओल वसंतांतच शोषून घेतात. कोंवळ्या ओकाच्या वाट्यास पुढें कोरडी माती येते. जें वांचतें त्यावर हरिणें, गुरें आणि जमीन पोखरणारे ‘गोफर’ टपलेले असतात.

निसर्गानें मात्र या बीला चांगली शिदोरी बांधून दिलेली आहे. तिच्या बळावर बी प्रथम मूळ खालीं सोडते. कोंब वर दिसण्यास पुढें कित्येक आठवडे लागतात. उन्हाळा लागण्यापूर्वीं मूळ खोल ओलीपर्यंत पोंचलें तर रोप तगतें. म्हणून मशागतीचा सारा हेतु या मुळाची वाट मोकळी करणें हा असला पाहिजे.

पहिल्या पावसानें जमीन ओलावली, पण चिखल झाला नाहीं, अशी वेळ साधावी. गिरमिटानें अथवा पहारीनें दोन ते तीन फूट खोल अरुंद भोंक पाडावें. चिकण माती फार ओली असतां खणल्यास भोंकाच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळांस तेथें शिरणें कठीण जातें. तसें झाल्यास पहारीनें त्या खरवडून घ्याव्या. मग ढेंकळें फोडून तीच माती परत भरावी. खड्ड्यापुरती निराळी भुसभुशीत माती व ताजें शेणखत घालण्याचा मोह टाळावा. मऊ माती सोडून मुळें कठीण जमिनींत शिरण्यास नाखूष असतात, आणि खतानें तण मात्र माजतें. माती हलके दाबून पाणी द्यावें, म्हणजे पोकळी राहणार नाहीं.

बिया सप्टेंबर-ऑक्टोबरांत, हिरवा रंग तपकिरी होऊं लागला व टोपी सहज निघूं लागली म्हणजे, फांदीवरूनच तोडाव्या. जमिनीवर उन्हांत पडलेली बी सुकते, आणि सुकलेली बी मेली म्हणून समजावें. एक दिवस पाण्यांत भिजवून तरंगणाऱ्या बिया टाकून द्याव्या. पेरणीस अवकाश असल्यास उरलेल्या पिशवींत घालून शीतकपाटांत ठेवाव्या. पेरतांना अर्धा ते एक इंच खोल, आडवी ठेवावी; मूळ फुटलें असल्यास तें खालीं करावें. एका जागीं दोनतीन बिया टाकून पुढें सशक्त रोप तेवढें राखावें.

यापुढचें काम कंटाळवाणें आहे, पण यश त्यावरच अवलंबून आहे. रोपाभोंवतीं चार फूट व्यासाचें वर्तुळ निदान दोन वर्षें तणरहित ठेवावें. त्यावर पालापाचोळ्याचें दोनतीन इंच आच्छादन घालावें. मात्र तें खोडास टेकूं देऊं नये. भोंवतीं तारेच्या जाळीचें कुंपण हवेंच. उन्हाळ्यांत पाणी द्यावयाचें तर क्वचित् पण खोल मुरेल असें द्यावें. रोज शिंपडल्यानें मुळें वरच्या वर रेंगाळतात. आवारांत जुना ओक असेल तर त्याच्या बुंध्याशीं उन्हाळीं पाणी मुळींच घालूं नये. उष्ण ओलसर मातींत मुळें कुजविणारी बुरशी वाढते आणि कित्येक पिढ्यांचा वृक्ष हिरवळीच्या हौसेपायीं जातो.

आपल्याकडे ऋतूंचा क्रम निराळा. आपण वैशाखांत खड्डे खणून तापूं देतों आणि मृगाची वाट पाहतों. परंतु आंब्याची कोय सुकली तर तीही मरते, आणि जागच्या जागीं उगवलेल्या झाडाचें सोटमूळ पिशवींत वळसे घेतलेल्या मुळाहून खोल जातें, हा अनुभव जुन्या बागाईतदारांस आहेच. परसांत झाड लावतांना रोपाची उंची विचारण्यापूर्वीं मुळाची सोय पाहावी.

ब्लू ओक फार सावकाश वाढतो. लावणाऱ्यास त्याची गर्द सावली लाभेलच असें नाहीं. म्हणून तण काढण्याचें काम घरांतील धाकट्या मुलाकडे सोंपवावें, अशी आमची सूचना आहे. सावलीचा हक्कदार तोच आहे.