सही घेता, मग सांगत का नाही?

हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारून बघा, "आत जाळी बसवली का हो?" बरेच जण म्हणतील, "कोण जाणे बुवा. डॉक्टरला माहीत." भूल कोणती दिली, किती दिवस ओझं उचलायचं नाही, पुन्हा होऊ शकतं का, काहीच माहीत नसतं. पण त्याच माणसाने ऑपरेशनच्या आधी एका छापील फॉर्मवर सही केलेली असते. "मला सर्व माहिती समजावून सांगण्यात आली आहे," असं त्यावर लिहिलेलं असतं.

ही सही खोटी आहे. आणि ती रोज घेतली जाते. या पोस्टचा मुद्दा एवढाच.

हर्निया म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो अंतर्गळ. पोटाची भिंत एका जागी कमकुवत होते आणि तिथून आतडं किंवा चरबी पुढे सरकते. खोकलं, उभं राहिलं की जांघेत गोळा दिसतो, आडवं झालं की आत जातो. पुरुषांमध्ये फार सर्रास. साधारण चार पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधीतरी जांघेचा हर्निया होतो. मार्केट यार्डातला हमाल, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, ऊसतोड कामगार यांची सगळी कमाईच अंगमेहनतीवर. म्हणूनच हे ऑपरेशन त्यांच्यासाठी नुसता वैद्यकीय विषय नाही, घरखर्चाचा विषय आहे. आणि नेमकं त्यांनाच सगळ्यात कमी सांगितलं जातं.

डॉक्टरांनी टेबलावर घेण्याआधी काय सांगायला हवं? मला जेवढं समजलं तेवढं लिहितो.

गोळीने किंवा जडीबुटीने हर्निया बरा होत नाही. पट्टा बांधून गोळा दाबला जातो, भोक बुजत नाही. पण म्हणून "आजच्या आज ऑपरेशन नाही केलं तर आतडं सडेल" ही भीतीही प्रत्येकाला घालायची नसते. जांघेचा हर्निया लहान आहे, त्रास नाही, अशा पुरुषाने डॉक्टरांच्या नजरेखाली काही काळ थांबलं तर चालतं, असं २००६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यातल्या बहुतेकांनी पुढच्या दहा वर्षांत त्रास वाढल्यावर ऑपरेशन करून घेतलंच, पण आपल्या सवडीने. पेरणी आटोपून, लेकीचं लग्न उरकून करता येतं, हे त्या माणसाला कळायला नको? बायकांचं मात्र वेगळं. त्यांच्यात जांघेच्या खालच्या अंगाला होणारा हर्निया अडकण्याचा धोका जास्त, तिथे थांबू नये. आणि गोळा दगडासारखा घट्ट झाला, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर मग सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच दवाखाना गाठायचा.

ऑपरेशन दोन प्रकारे होतं. एक, चिरा देऊन. यात कमरेखालचा भाग किंवा नुसती तेवढीच जागा बधिर करूनही काम होतं. दुसरं दुर्बिणीचं, त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. दुर्बिणीत जखम लहान, माणूस लवकर कामाला लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा आधीचं चिऱ्याचं ऑपरेशन फसलं असेल तर त्याचा फायदा जास्त. पण खर्च जास्त आणि हात सरावलेला लागतो. दोन्हीत मोठ्या माणसाला सहसा जाळी बसवतात. ती आयुष्यभर आत राहते.

नंतर काय? त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस चालतो. काहींना पहिल्या दिवशी लघवी अडते. अंडकोषाच्या पिशवीला सूज येते, काळंनिळं होतं, ते बघून लोक घाबरतात. आधी सांगितलं असतं तर घाबरले नसते. हलकं काम आठवड्या-दोन आठवड्यांत, पोतं उचलायचं काम साधारण महिना-दीड महिन्याने. दहातल्या एकाला तिथे बरेच महिने दुखत राहू शकतं. थोड्या लोकांना हर्निया पुन्हा होतो. जुना खोकला, बद्धकोष्ठता, तंबाखू-बिडी, लघवीला जोर लागणं यावर इलाज केला नाही तर टाक्यांवर ताण येतो. आणि जे कुणी तोंडाने विचारत नाही ते, संसारसुखावर सहसा परिणाम होत नाही.

हे सगळं सांगायला पंधरा मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं!

आता उत्तरं काय मिळतात ते ऐका. "पेशंटला समजत नाही." बाजार समितीत अडत, तोलाई, कपात सगळं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला "दीड महिना पोतं उचलू नका" समजत नाही? "सांगितलं की घाबरतात." न सांगता सूज आली की त्याहून जास्त घाबरतात, मग नातेवाईक दवाखान्यात आरडाओरडा करतात. डॉक्टरवर हात उचलण्याचं समर्थन मी कधी केलं नाही, करणारही नाही. पण आधी बोललं असतं तर निम्मी भांडणं उभीच राहिली नसती. "ओपीडीत गर्दी असते." हे मात्र खरं आहे. सरकारी दवाखान्यातला सर्जन एकटा किती पुरणार? मग छापील मराठी पत्रक द्या, नर्सला सांगायला लावा. पण खासगीत, जिथे प्रत्येक गोष्टीचं बिल होतं, तिथे बोलायलाच वेळ का नसतो?

आणि बिलाचं म्हणाल तर "जाळी महाग असते" हे वाक्य फार ऐकलं. आपल्याच खानदेशात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी १९९० च्या दशकात मच्छरदाणीचं नवं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. गरीब पेशंटला बाहेरची जाळी परवडत नव्हती म्हणून. २००३ मध्ये त्यावरचा निबंध सर्जन लोकांच्या भारतीय नियतकालिकात आला. पुढे युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर अशी स्वस्त जाळी आणि कंपनीची महाग जाळी यांची तुलना झाली. वर्षभराने निकालात म्हणावा असा फरक निघाला नाही. २०१६ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. मी कुणाला मच्छरदाणीच बसवा म्हणत नाही, आणि घरची मच्छरदाणी कापून हे होतही नाही. म्हणणं इतकंच, की "जाळी" हा शब्द म्हणजे बिलाचं स्पष्टीकरण नव्हे. कोणती, किती किमतीची, तेवढं लिहून द्या.

कायदाही हेच सांगतो. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं, की उपचार कोणता, का, पर्याय काय, धोके काय, नाही केलं तर काय, याची पुरेशी माहिती दिल्यावरच संमती खरी. २०२१ च्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायचे आहेत. तुमच्या गावात किती ठिकाणी दिसतात? जाऊन बघा, फोटो कमेंटमध्ये टाका.

सही करण्याआधी हे विचारा:

१. माझा हर्निया कोणत्या प्रकारचा? थांबलं तर चालेल का?
२. चिरा की दुर्बीण? मला तेच का?
३. भूल कोणती, आणि भूलतज्ज्ञ हजर असणार का?
४. जाळी कोणती? तिच्या खोक्यावरचं स्टिकर फाईलला लावून द्या.
५. भूल, औषधं, जाळी धरून एकूण खर्च किती? लिहून द्या.
६. कामावर कधी जाऊ?
७. महात्मा फुले योजनेत इथे बसतं का? हे आरोग्यमित्रालाच विचारा, कारण त्या योजनेतली काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेही लक्षात ठेवा.

विचारल्यावर डॉक्टर चिडले, तर समजा की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ झाली. शांतपणे सांगणारे चांगले सर्जन आपल्याच तालुक्यात आहेत, त्यांना या पोस्टचा राग येणार नाही याची मला खात्री आहे.

उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे माझी मागणी साधी आहे. हर्नियाचं एक पानी मराठी पत्रक छापा, भिंतीवर लावा, आणि ते वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. कागद एक रुपयाचा आहे. पोट हमालाचं आहे.