पहिल्या बर्फाचा भरवसा

दिवाळीची सुटी जवळ आली की महाराष्ट्रातून हिमालयाकडे निघणाऱ्या तुकड्यांची लगबग सुरू होते. त्यांत शिक्षक असतात, कचेऱ्यांतील कर्मचारी असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी तर असतातच. सह्याद्रीतील गड पालथे घातलेल्या या मंडळींच्या उत्साहाचे कौतुकच केले पाहिजे. मात्र हिमस्खलन हा माघ-फाल्गुनातला धोका, आश्विन-कार्तिकात बर्फ तो केवढा आणि त्याची भीती ती काय, अशी जी समजूत त्यांच्यात रूढ आहे, ती जिवावर बेतणारी आहे.

4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर हिमस्खलन झाले आणि नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील 29 जणांना आपण मुकलो. ही तुकडी प्रगत अभ्यासक्रमाची होती. मृतांत त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर करणाऱ्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाचा उरलासुरला जोर नेपाळात पोचला, आणि 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळाने व हिमस्खलनांनी 40 हून अधिक माणसे घेतली. बंगालच्या उपसागरात उठलेले वादळ अन्नपूर्णेच्या वाटेवर गाठेल, हे सहलीच्या कोणत्या पत्रकात छापलेले असते?

पहिला बर्फ फसवा का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पातळ थराखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री कमालीचा गारठतो. त्यामुळे तळाची वाफ वर सरकते आणि खालचे कण भरड साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे होतात. थर जितका पातळ, तितके हे झपाट्याने घडते. त्यावर नवा, वाऱ्याने दाबलेला बर्फ बसला, की वाळूवर फरशी ठेवावी तशी अवस्था होते. आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती फरशी तडकू शकते. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर आशा बरीच असते, पुढे ती वेगाने मावळते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. काढणार ते सोबतीच, आणि तेही बीकन, चाचपणीची लांब सळई व फावडे जवळ असले तर! आपल्याकडच्या किती तुकड्या ही सामग्री नेतात?

बर्फाइतकाच दोष आपल्या ठरीव तारखांचा आहे. रेल्वेचे आरक्षण झालेले, रजा मोजून मिळालेली, पैसे भरलेले. मग खिंड ठरल्या दिवशीच ओलांडायची. नुकताच मोठा हिमपात झाला असेल, तर निदान एक-दोन दिवस उतारांपासून दूर थांबणे हा साधा नियम. पण थांबायला दिवसच शिल्लक नसतात. आयोजकांनी कार्यक्रमात दोन मोकळे दिवस ठेवावेत. मागे फिरण्याचा निर्णय सर्वस्वी तुकडीच्या नायकाचा राहील आणि त्यावरून पैशाचा वाद होणार नाही, हे प्रवेशपत्रावरच लिहावे. सहल महाग होईल, हे खरे. काहींना ती परवडणारही नाही. तरीही विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि पालकांनी पैसे भरण्यापूर्वी या दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत.