पुड्यातले पक्वान्न



गेल्या दिवाळीत माझा भाचा मेलबर्नहून आला. येताना त्याने टिम टॅम नावाच्या चॉकलेट-बिस्किटांचा एक पुडा आणला होता. फराळाची ताटे समोर मांडलेलीच होती. पुडा फुटला आणि दहा मिनिटांत त्यातली अकराही बिस्किटे संपली. करंज्यांचा डबा मात्र पुढे चार दिवस पुरला. बहीण जरा हिरमुसली. "दोन दिवस राबून करंज्या केल्या, आणि आधी संपलं काय, तर बिस्किट!" असे ती म्हणाली.

तिची तक्रार माझ्या मनात घोळत राहिली. बिस्किट जिंकले आणि करंजी हरली, असे का झाले?

आधी या बिस्किटाची ओळख करून घेऊ. ऑस्ट्रेलियातील अर्नॉट्स या कंपनीने ते 1964 साली बाजारात आणले. त्याचे नाव एका घोड्यावरून ठेवलेले आहे. टिम टॅम या घोड्याने 1958 साली अमेरिकेतील केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत जिंकली होती. बिस्किटाची रचना साधी आहे. दोन कुरकुरीत बिस्किटे, त्यांच्यामध्ये चॉकलेटच्या मऊ क्रीमचा थर आणि या सगळ्यावर चॉकलेटचे आवरण. अशी चॉकलेट लावलेली बिस्किटे आता आपल्या गावच्या दुकानांतही मिळतात.

आता करंजी आठवा. मैद्याची कुरकुरीत पारी, आत साखर-खोबऱ्याचे मऊ सारण आणि वरून तुपात किंवा तेलात तळणी. म्हणजे मैदा, साखर आणि स्निग्ध पदार्थ हेच तीन घटक! शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर करंजी आणि टिम टॅम ही भावंडेच म्हणायला हवीत.

चॉकलेटच्या आवरणात मात्र एक जास्तीची गंमत आहे. खऱ्या चॉकलेटमधील कोकोचे लोणी सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या तोंडाचे तापमान 37 अंशांच्या आसपास असते. त्यामुळे हातात घट्ट असलेले चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळू लागते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता ते जिभेकडूनच घेते, म्हणून किंचित गारवाही जाणवतो. वितळणाच्या अप्रकट उष्णतेचा धडा तुम्ही वर्गात शिकला असाल. त्याचा इतका गोड प्रयोग दुसरा नसेल! पण नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तिथे असे चॉकलेट पुड्यातच वितळेल. म्हणून पुष्कळ बिस्किटांच्या आवरणात कोकोच्या लोण्याऐवजी जास्त तापमानाला वितळणारी वनस्पतिजन्य चरबी वापरतात. पुड्यावरील घटकांची यादी वाचली की ते कळते.

परंतु बिस्किटाची खरी ओढ साखर आणि चरबी यांच्या जोडीत आहे. निसर्गात ही जोडी क्वचितच आढळते. फळात साखर असते, पण चरबी जवळजवळ नसते. शेंगदाण्यात तेल भरपूर असते, पण तो गोड नसतो. दोन्ही एकत्र असलेले निसर्गातले ठळक अन्न म्हणजे दूध. आईच्या दुधात सुमारे 7 टक्के दुग्धशर्करा आणि 4 टक्के चरबी असते. येल विद्यापीठातील डाना स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना खाऊची चित्रे दाखवून प्रत्येक खाऊसाठी पैशांची बोली लावायला सांगितली. कर्बोदके आणि चरबी दोन्ही असलेल्या खाऊला लोकांनी सर्वांत जास्त बोली लावली. त्या वेळी मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भागही अधिक उत्तेजित झालेला दिसला. उष्मांक सारखे असूनही एकट्या साखरेच्या किंवा एकट्या चरबीच्या खाऊला तेवढी किंमत मिळाली नाही.

म्हणून एक बिस्किट खाल्ल्यावर हात पुन्हा पुड्याकडे गेला, तर स्वतःला अधाशी समजू नका. तुमचा मेंदू त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागतो आहे.

आता थोडे गणित करू. टिम टॅमचे एक बिस्किट सुमारे 18 ग्रॅमचे असते. त्यात साखर साधारण 8 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दोन चमचे, आणि चरबी साधारण 5 ग्रॅम असते. एक ग्रॅम चरबीपासून 9 किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम साखरेपासून 4. सगळे मिळून एका बिस्किटातून सुमारे 95 किलोकॅलरी मिळतात आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चरबीच्या असतात. एका मध्यम केळ्यातूनही जवळपास तेवढीच ऊर्जा मिळते. परंतु केळ्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, त्यात तंतूही असतात, आणि ते खाल्ल्यावर पोटाला काहीतरी गेल्यासारखे वाटते. बिस्किट दोन घासांत संपते आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, शक्य झाल्यास 5 टक्क्यांहूनही कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले. दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम साखर. तीन टिम टॅम खाल्ली की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. दिवसभराचा चहा, जॅम आणि सरबत अजून बाकीच आहेत!

तुम्ही म्हणाल, "मग करंजीत तरी काय वेगळे आहे? पुरणपोळीवर तुपाची धार धरताना तुम्ही गणित करता का?" प्रश्न अगदी रास्त आहे. करंजीही काही कमी उष्मांकांची नाही. फरक पदार्थात नाही, पंचांगात आहे. करंजी करायची तर सारण भाजा, पारी लाटा, कातणाने कडा कापा आणि कढईपाशी उभे राहा. एवढे कष्ट रोज कोण करणार? म्हणून ती सणाला येते आणि सणाबरोबर जाते. कष्ट आणि सण यांनी तिला आपोआप आवर घातलेला असतो. चॉकलेट-बिस्किट हेही सणाचेच पक्वान्न आहे, पण त्याला सण उरलेला नाही. ते वर्षाचे 365 दिवस दुकानात हजर असते आणि पुडा फाडण्यापलीकडे त्याला कष्ट लागत नाहीत.

माझे मत असे आहे की, या बिस्किटावर बंदी नको, पण त्याला त्याचा सण परत द्यायला हवा. 'वाईट पदार्थ' म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आणि जाहिरातीत गव्हाची लोंबी किंवा दुधाचा पेला दिसला, म्हणून त्याला डब्यातल्या पोळी-भाजीच्या जागी बसवणे तर मुळीच बरोबर नाही. ते खाऊ आहे, जेवण नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकू नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 साली केला. नियम चांगला आहे. पण वर्गात 50 मुले असतील तर वर्षाला 50 वाढदिवस येतात, आणि प्रत्येक वाढदिवसाला चॉकलेट नाही तर बिस्किट वाटले जाते. म्हणजे वर्गात जवळजवळ दर आठवड्याला सण! त्याऐवजी महिन्यातून एकच दिवस ठरवून त्या महिन्यातले सगळे वाढदिवस एकत्र साजरे केले तर? आनंद तेवढाच होईल, आणि वाट पाहण्याची गोडी वर मिळेल.

शेवटी तुमच्यासाठी दोन छोटी कामे. एका कागदावर चॉकलेट-बिस्किटाचा आणि दुसऱ्यावर पोळीचा सारख्याच आकाराचा तुकडा चुरून तासभर ठेवा आणि तेलाचे डाग ताडून पाहा. मग घरातल्या प्रत्येक पुड्यावरचा तक्ता वाचा. त्यातले आकडे बहुधा 100 ग्रॅमचे असतात, म्हणून एका बिस्किटाचे वजन काढून त्रैराशिकाने त्यातली साखर काढा. तेवढी साखर वाटीत मोजून सर्वांना दाखवा.

भाचा पुढच्या दिवाळीला पुन्हा येणार आहे. पुडा आणणारच, असे त्याने सांगितले आहे. आम्ही तो फराळाच्या ताटातच मांडायचा असे ठरवले आहे: प्रत्येकाला एक करंजी आणि एक बिस्किट.