हिशेब मिटला, मग कपाळावर शिक्का कशाला?



तडजोड म्हणजे काय, हे बारडोलीकरांना कुणी शिकवायला नको! मुंबई सरकारने येथील शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ साली वल्लभभाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांची गुरे, भांडी, जमिनी जप्त झाल्या. पण तडजोड झाली तेव्हा जप्त जमिनी परत मिळाल्या, राजीनामे दिलेले पटेल-तलाठी पुन्हा कामावर आले आणि चौकशीअंती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. तडजोड म्हणजे वाद मिटला आणि माणूस पुन्हा उभा राहायला मोकळा झाला, हा या मातीतला अर्थ.

बँकांच्या कोशात मात्र अर्थ वेगळा आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरतेचा कापडधंदा थंडावला, पगार थांबले, कार्डाची बिले थकली. कार्डाचे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस! ३० टक्क्यांवर व्याज घेणे अनुचित आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा ती ढालही गेली.

रक्कम फुगते, बँक ती 'राइट ऑफ' करते. याचा अर्थ कर्ज माफ झाले असा नव्हे. बँकेच्या वहीत तोटा दिसतो, आपल्या डोक्यावरचे देणे तसेच राहते. मग वसुलीवाले येतात, 'एकरकमी भरा, उरलेले सोडतो' म्हणतात. माणूस दागिने मोडून भरतो. आणि सिबिलच्या अहवालात काय उमटते? 'क्लोज्ड' नव्हे, तर 'सेटल्ड'. पुढे घरासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी अर्ज केला की साहेब तो शब्द दाखवून फाइल बाजूला सारतात.

कुणी म्हणेल, पूर्ण भरले नाही तर भोगा. कबूल! खरी नोंद राहावी, बँकेलाही आपला पैसा सांभाळायचा आहे. पण मग न्याय सर्वांना एक हवा. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींहून अधिक रकमा राइट ऑफ केल्या, हे सरकारनेच संसदेत सांगितले. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात तर हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोडीची मुभा दिली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. त्याच परिपत्रकात, तडजोडीनंतर नवे कर्ज देण्याआधी शेतीखेरीज इतर कर्जांना किमान बारा महिने थांबावे, असे आहे. किमान बारा सांगितले, कमाल किती ते बँकांच्या मर्जीवर! आमचे भांडण येथे आहे.

आणि आपले काय? ताप्ती लाइनीने आपले आजे-पणजे इकडे आले, अब्रूने राहिले. त्याच अब्रूपायी आपण असली गोष्ट शेजाऱ्याला कळू देत नाही आणि मुकाट व्याजवाल्याच्या दारी जातो. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांना व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढावी लागली, ती उगाच नव्हे.

म्हणून गप्प बसू नका. पैसे भरण्याआधी बँकेचे तडजोडपत्र हातात घ्या. रक्कम बँकेच्या खात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या हातात नको. नो ड्यूज दाखला जपून ठेवा. ऐपत आली की सोडलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' नोंद करून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो पाहा. चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. मग मुदतठेवीवर छोटे कार्ड घ्या, थोडे वापरा आणि दर महिन्याचे बिल तारखेच्या आत पूर्ण भरा. पत अशीच परत येते, हळूहळू. पैसे घेऊन रातोरात सिबिल सुधारून देणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

पण एकट्याने हे किती रेटणार? मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण दोन गोष्टी विचारू या. तडजोडीनंतरच्या थांबण्याला वरची मर्यादा कधी घालणार? आणि कर्ज नाकारण्याचे मुख्य कारण लेखी द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच सांगितले असताना शाखेत तोंडी बोळवण का होते?

शब्द भरलेल्याचा शब्द राखा, एवढेच मागणे आहे. बारडोलीत ते मागायला लाज कसली?