औषधाला गुण येईल का?

गेल्या भाऊबीजेला आमच्या वन्संनी ओवाळायला ताम्हण उचललं आणि पदर सरकला. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, वर चांदीसारख्या खपल्या. सोरायसिस! चौदा वर्षं झाली म्हणे. मलमं झाली, गोळ्या झाल्या, शेजारणीने आणून दिलेल्या पुड्यासुद्धा झाल्या. (हा रोग शिवल्याने होत नाही, हे इथेच सांगून टाकते. आमच्याच घरात एका वडीलधाऱ्या बाईंनी वन्संचं ताट वेगळं ठेवलं होतं, त्याची मला अजून लाज वाटते.)

आता त्वचारोगतज्ज्ञांनी 'बायोलॉजिक' इंजेक्शन सुचवलं होतं. खर्च ऐकून वन्संनी हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, मोडीन मी या. पण गुण येईल ना?"

मग मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर सरळ माणूस. "ताई, खात्री देत नाही, अंदाज देतो," म्हणाले.

तो अंदाज मला समजला तसा सांगते. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकीचे निरोप धाडत राहते आणि कातडी भराभर वाढते. त्यातला एखादा निरोप्या हे इंजेक्शन अडवतं. अडालिमुमॅब नावाच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत सोळा आठवड्यांत 71 टक्के रोग्यांचा आजार तीन-चतुर्थांश तरी कमी झाला होता. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून मला हे चटकन पटलं. दहातली सात मुलं पास होतील हे सांगता येतं. पण तुमचा बंडू त्या सातांत आहे का, हे विचारलंत की बाई गप्प!

तरी काही खुणा असतात. आधी एखादं बायोलॉजिक फुकट गेलं असेल तर पुढच्याला गुण येण्याची आशा थोडी कमी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही तसंच. वजनाचा मुद्दा मात्र वन्संना झोंबला. पन्नास किलोच्या बाईला आणि नव्वद किलोच्या बाईला या इंजेक्शनचा डोस एकच, 40 मिलिग्रॅम. तेव्हा भरलेल्या अंगाला ते अपुरं पडू शकतं. वजन उतरवलं तर गुण येण्याची शक्यता वाढते. हे तरी आपल्या हातात असलेलं! वन्संच्या घरी संध्याकाळची भजी त्या दिवसापासून बंद आहेत, आणि त्यांचे यजमान माझ्यावर रागावले आहेत.

रक्तातून काही कळत नाही का, असं मी विचारलं. 2019 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं, की 'एचएलए-सी 06:02' हा जनुक ज्यांच्यात नाही, त्यांना उस्टेकिनुमॅबपेक्षा अडालिमुमॅबचा गुण अधिक आला. पण अशी तपासणी अजून रोजच्या दवाखान्यात रुळलेली नाही. क्षयाची तपासणी मात्र चुकवू नका. शरीरात झोपलेले क्षयाचे जंतू या इंजेक्शनाने जागे होऊ शकतात. छातीचा फोटो काढल्याशिवाय आमच्या डॉक्टरांनी सुईला हात लावला नाही.

मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे, की सुरू करण्याआधीच थांबण्याची तारीख ठरवून घ्यायची. अडालिमुमॅबला सोळा आठवडे. चार आठवड्यांत हताश होऊन सोडायचं नाही आणि गुण नसताना वर्षभर पैसे ओतत राहायचं नाही. त्या वेळी डॉक्टर डोकं, हात, धड, पाय यांवरचा लालपणा, जाडी, खपल्या पाहून 72 पैकी गुण देतात. इथे कमी गुण मिळवणारा हुशार! घरी मोजायला सोपी रीत आहे. रोग्याचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. किती तळहात चट्टे आहेत ते मोजायचं, आणि त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढायचा.

इंजेक्शन फ्रीजमध्येच ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलं की वाया गेलं.

आम्ही भारतात तयार होणारं अडालिमुमॅब घेतलं. ते 2014 पासून मिळतं आणि मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतं. वन्संनी एकच पाटली मोडली. दुसरी सोळाव्या आठवड्यापर्यंत हातातच ठेवायची, असं आमचं ठरलंय. आज नववा आठवडा. दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर त्या दर रविवारी आकडा लिहितात. पहिला चौदा होता, काल आठ लिहिलाय.