वहीची दुसरी प्रत

लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहण्याची आपली चाल जुनी आहे. हल्ली वही संगणकाच्या पोटात गेली, तेव्हा व्यापारी मंडळी संगणकालाच कुंकवाचे बोट लावतात. त्यात हसण्यासारखे काही नाही; ज्यावर पोट चालते त्याची पूजा करावीच. पण पुराच्या किंवा आगीच्या वेळी वही वाचते ती दुसऱ्या प्रतीमुळे. आणि ती प्रत उपयोगी पडेल की नाही, हे ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

आम्हा पनवेलकरांना हे पटवून द्यावे लागत नाही. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचे पाणी गावात शिरले, त्याची आठवण अजून जुन्या भिंतींना आहे. पुढे २०२० साली याच पनवेलजवळ योट्टा कंपनीचे प्रचंड माहितीकेंद्र उभे राहिले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात बुडाली. एक नदी, एक वीजवाहिनी आणि एकच खोली यांच्या भरवशावर दोन्ही प्रती ठेवू नयेत, हा धडा त्या दिवसाने पुन्हा गिरवून घेतला.

मी गावातल्या एका लहानशा पतसंस्थेचे हिशेब पाहतो. ठेवीदारांत पेन्शनर आहेत, भाजीवाल्या आहेत, लेकीच्या लग्नासाठी महिन्याला थोडे थोडे टाकणारे रिक्षावाले आहेत. यंदा आम्ही पुण्याला दुसरे यंत्र ठेवले आणि आमच्या तरुण तंत्रज्ञाने त्यावर सारी माहिती उभी करून पाहण्याची तालीम घेतली.

तो म्हणाला, "काका, रोज रात्रीची संपूर्ण नक्कल म्हणजे तुमची खतावणीची बाकी. त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार यंत्र एका नोंदीत टिपत जाते, ती तुमची रोजकीर्द. आधी बाकी उतरवायची, मग कीर्द ओळीने चढवायची. कीर्द हरवली, तर रात्रीपासूनचा दिवस गेलाच म्हणून समजा." माझ्यासारख्या जुन्या माणसाला याहून सोपे कोण सांगणार?

पहिल्या तालमीत आकडे अचूक आले, पण ठेवीदारांची नावे नाहीशी होऊन तेथे नुसती प्रश्नचिन्हे उमटली! नव्या यंत्रावर देवनागरी अक्षरांची मांडणी ठरवलेली नव्हती. सत्तरीच्या आजीबाईंनी ठेव मागितली आणि पुस्तकात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह निघाले, तर त्यांनी काय करावे? दुरुस्ती अर्ध्या तासाची होती, पण ती पुराच्या दिवशी सुचली असती का?

तेव्हापासून आमच्या भिंतीवर एक यादी लागली आहे. दोन्ही यंत्रांवर माहिती सांभाळणारी प्रणाली एकाच आवृत्तीची हवी. पुरेशी जागा, तीच अक्षरमांडणी आणि तेच वापरकर्ते व त्यांचे अधिकार हवेत. नक्कल कुलूपबंद असेल, तर किल्ली तिसऱ्या ठिकाणी हवी. मूळ यंत्राबरोबर किल्लीही बुडाली, तर नक्कल असून नसल्यासारखी. शेवटी खात्यांची संख्या आणि ठेवींची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहायची, आणि या साऱ्याला किती वेळ लागला तो लिहून ठेवायचा.

आवृत्तीचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, म्हणून परदेशातली हकीकत सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत दुसऱ्या यंत्रावरची समजून मूळ यंत्रावरचीच माहिती पुसली गेली. नकला काढण्याच्या पाच तऱ्हा होत्या, पण वेळेला एकही धड चालेना. एक तऱ्हा तर जुन्या आवृत्तीच्या साधनामुळे कितीतरी दिवस निष्फळ ठरत होती, आणि तसे कळवणारी पत्रे कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले; तरी त्या सहा तासांतले काम गेले आणि दुकान सुमारे अठरा तास बंद राहिले.

कोणी म्हणेल, दोन यंत्रे क्षणोक्षणी एकमेकांसारखी ठेवली की झाले. ती सोय चांगली, पण तो आरसा आहे. इकडे चुकून नाव पुसले, की तिकडेही तत्क्षणी पुसले जाते. आरसा हवा आणि कालची, परवाची अशा जुन्या नकलाही हव्यात.

मोठ्यांनाही तालीम सुटलेली नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार भर दुपारी चार तास बंद पडला आणि पर्यायी केंद्र असूनही तेथे काम हलवले गेले नाही. पुढे सेबीने असे स्थलांतर ४५ मिनिटांत करण्याचा दंडक घातला, आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजाराने मुद्दाम खास सत्र भरवून पर्यायी केंद्रावरून व्यवहार केले.

घरोघरीच्या गृहिणींना आणि गृहस्थांना एवढेच सुचवतो: लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे, आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज यांची नक्कल आपण कोठेतरी ठेवलेली असेलच. भाऊबीजेला मंडळी जमली, की ती नक्कल पाहुण्याच्या संगणकावर लावून पाहा. उघडली, तर आजोबा सर्वांना ऐकू येतील. नाही उघडली, तर मूळ प्रत अजून शाबूत आहे तोवर दुसरी काढून घ्या.